खिशातल्या दोन पिना

जीपच्या दोन पिना मी खिशात ठेवल्या आणि गाडी तशीच डांबरी रस्त्यावर आणली. चूक एवढीच. आयुष्यात मी केलेल्या बाकीच्या चुका सांगताना माझी जीभ सैल सुटते. लग्नकार्यात लोक मला मुद्दाम मधोमध बसवतात, 'ते विहिरीत इंजिन सोडल्याचं सांगा' म्हणतात, मी सांगतो, हशा होतो, चहा येतो. ही गोष्ट मी कुठल्याच पंगतीत सांगितली नाही. आता गुडघे गेले, निम्मे दात गेले, ज्यांच्यासमोर मान खाली घालावी अशी माणसंही एकेक करून गेली. लाज तेवढी जागची हलली नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

अमडापूरपासून दीड कोसावर आमचं गाव. घरात आबा, माय, थोरला भाऊ म्हणजे दादा, वहिनी आणि मी. सकाळी जाग यायची ती मायच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं, त्यामागून आबांचं खाकरणं आणि मग जीपचं खाकरणं. दोघांनाही थंडीत सुरू व्हायला वेळ लागे. जीप आबांनी कुठल्याशा सरकारी खात्याच्या लिलावातून आणली होती. दारावरची अक्षरं रंगानं बुजवलेली, पण ऊन तिरपं पडलं की आतून वर यायची. आम्ही तिच्यातून मिरच्या आणि वांगी बाजाराला न्यायचो, त्यामुळे तिच्या गादीपासून छतापर्यंत मिरचीचा झोंबरा वास बसला होता. पाहुणा बसला की पहिल्याच वळणावर शिंकायचा. आबा म्हणत, "गाडी वळखते नवीन मानसाले."

मी तेव्हा बारावीत गणितानं सोडून दिलेला, एकोणीस वर्षांचा, घरात असलेली प्रत्येक वस्तू सुधारण्याच्या उद्योगात होतो. रेडिओ सुधारला, तो फक्त शेजारच्या घरातली गिरणी चालू असताना बोलू लागला. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर सुधारला, त्यानंतर दादा त्याला काठीनं हात लावायचा. एवढं होऊनही वहिनीनं तिची माहेरून आणलेली शिलाई मशीन माझ्या हवाली केली होती, आणि ती मात्र खरंच नीट झाली. त्या एका मशीनच्या जिवावर वहिनी माझी बाजू घ्यायची. "भाऊजीचं डोकं चालते," असं ती मायला सांगायची. माय म्हणायची, "चालते, पन रस्ता सोडून चालते."

तर अशा डोक्यात त्या वर्षी एक नवीन किडा शिरला. अमडापूरच्या किराणा दुकानात रद्दीत एक इंग्रजी मासिक सापडलं. त्यात एका जीपचा फोटो होता. एक चाक पुरुषभर उंच दगडावर, दुसरं खड्ड्यात, आणि तरीही चारही चाकं जमिनीला टेकलेली. आमची जीप बरडावरच्या खडकाळ वाटेला लागली की एक चाक हवेत लटकवून कुत्र्यासारखी उभी राहायची. मी डिक्शनरी घेऊन दोन दिवस ते पान वाचलं. गाडीच्या पुढच्या बाजूला एक आडवा दांडा असतो. त्याची दोन टोकं दोन चाकांच्या बाजूला लिंकनं, म्हणजे वीतभर लांबीच्या लोखंडी जोडानं, बांधलेली असतात. डांबरी रस्त्यावर वळण घेताना गाडी एका अंगावर कलू नये म्हणून हा दांडा. पण दगडधोंड्यात तोच आडवा येतो. एक चाक वर गेलं की दुसऱ्याला खाली सैल सुटू देत नाही. म्हणून तिकडचे हौशी लोक दगडात शिरताना हे दोन लिंक सोडतात आणि परत डांबरीवर आले की जोडतात. दर वेळी पाने घेऊन बोल्ट खोलत बसायला नको म्हणून तिथं पिना लावतात. ओढली की सुटली, सरकवली की बसली. या पिना घरी कशा करायच्या त्याची आकृती होती. पान खालून फाटलं होतं आणि पुढचं पान गायब होतं, बहुतेक हळदीची पुडी होऊन कुणाच्या तरी घरी गेलं असावं. पुढं बरीच वर्षं मी मनातल्या मनात त्या गेलेल्या पानावर सगळं ढकलत आलो. खोटं आहे ते. डांबरीवर पिना लावायच्या हे मला फाटक्या पानावरूनही चांगलं समजलं होतं.

आधी मी सुखदेव मिस्तरीकडं गेलो. अमडापूरच्या बाजाररस्त्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान. आबांच्या वयाचा माणूस, अंगावर कायम एकच खाकी शर्ट, बोलणं मोजून मापून. पंचक्रोशीतली औजारं, ट्रॅक्टर, जीपा त्याच्याच हाताखालून जात. आबांचा त्याच्यावर इतका विश्वास की गाडी दुकानासमोर लावून ते सरळ चहा प्यायला जात. मी त्याला फोटो दाखवला. त्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला, पाहिला, परत वर ढकलला.

"हा दांडा सोडाचा म्हंतं?"

"हाव. पिन लावून. ओढली की सुटते."

"कोन सांगतलं हे?"

"इंग्रजी पुस्तकात आहे मिस्तरी."

"त्या पुस्तकवाल्याले म्हना, आमच्या मोरीच्या वळनावर येऊन पाह्य. त्या दांड्याले हात नको लावू दिनकर. तो आहे म्हनून गाडी वळनावर मानसात राह्यते."

मी मान डोलावली. त्या वयात मी मान डोलावली की समोरच्यानं सावध व्हायला पाहिजे, पण मिस्तरीला ते ठाऊक नव्हतं.

गोठ्यामागच्या टिनाच्या छपरीत मी कामाला लागलो. लिंकचे खालचे बोल्ट इतके गंजले होते की दोन दिवस रॉकेलचा बोळा बांधून ठेवावा लागला, आणि मग पान्याला पाइप घालून, त्या पाइपला लोंबकळून ते सुटले. बोल्टच्या जागी मी ट्रॅक्टरच्या पिना वापरल्या. ट्रॅक्टरमागं वखर-नांगर अडकवायला असते तीच, शेवटाला भोक आणि त्या भोकात स्प्रिंगची कडी. जुन्या मोडक्या औजाराच्या दोन पिना मिळाल्या. त्या बोल्टच्या भोकात खुळखुळत होत्या, म्हणून पंपाच्या नळीचा तुकडा कापून, कानशीनं घासून पिनांवर चढवला. सुटलेला लिंक लोंबकळू नये म्हणून बैलाच्या गळ्यातला घुंगरांचा जुना पट्टा घेतला आणि त्यानं तो वर चॅसीला आवळायची सोय केली. घुंगरं मी काढली नाहीत. मला तो आवाज आवडला. राहिलं फक्त पिना ओढायला धरायचं कडं. ते वेल्डिंगशिवाय होणार नव्हतं. मी पिना घेऊन मिस्तरीकडं गेलो.

"काह्यच्या पिना हायेत?"

"ट्रॅक्टरच्या."

शब्दाला शब्द खरं. त्यानं दोन सळ्या वाकवून अशी सुबक कडी टाकून दिली की आजही ती माझ्या डोळ्यांसमोर आहे. टाका कसा, तर पुरणपोळीची कड दुमडावी तसा. त्याच सुमारास आबांनी त्याच्याकडून जीपच्या पुढच्या पाट्यातलं, म्हणजे स्प्रिंगमधलं, एक तुटलेलं पान बदलून घेतलं होतं. हे आत्ता सांगून ठेवतो, कारण पुढं ते माझ्या कामी आलं, आणि त्याच गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

पिना बसवून मी एकट्यानंच गाडी बरडावर नेली. आमचा बरड म्हणजे गावापलीकडचा खडकाळ माळ, वर महादेवाचं ठाणं, आणि तिथवर चढणारी बैलांनाही नको वाटणारी वाट. दोन्ही कडी ओढली, लिंक वर बांधले, आणि गाडी दगडांवरून अशी गेली की जणू तिला गुडघे फुटले. चाकं खालीवर होत होती, घुंगरं वाजत होती आणि मी एकटाच मोठमोठ्यानं हसत होतो. माझ्या हातून आयुष्यात ज्या दोन वस्तू धड झाल्या, त्यातली पहिली शिलाई मशीन आणि दुसरी ही. म्हणूनच तर इतका फुगलो.

परवाच माझा पुतण्या महादेव नवी गाडी दाखवायला आला होता. त्यात एक बटण आहे. दाबलं की पुढचा दांडा सुटतो. "आन् काका," तो म्हणाला, "आपन लावाले विसरलो तरी वेग वाढला की आपोआप जोडल्या जातो." मी म्हटलं, छान आहे. त्याला काय सांगणार होतो? तो तेव्हा सहा महिन्यांचा होता आणि हे सगळं त्याच्याच नवसापायी घडलं होतं.

वहिनीला लग्नानंतर आठ वर्षं मूल नव्हतं. तिनं बरडावरच्या महादेवाला रोडग्यांचा नवस बोलला होता; तो फळला, म्हणून पोराचं नावही महादेव. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे, वर तूप आणि मग आंघोळ घातल्यासारखं वरण. सोबत वांग्याची भाजी. वरणाशिवाय रोडगा म्हणजे गोटा. रोडगे आणि भाजी वरच, देवासमोर करायची, पण वरच्या टाक्याच्या पाण्यात डाळ शिजत नाही, दगडासारखी राहते. म्हणून वरण घरी शिजवून वर न्यायची आमच्याकडं रीत. त्यातही एक नियम. वरणाचा गंज, म्हणजे ते मोठं पितळी भांडं, नवसाच्या बाईनं स्वतः न्यायचा आणि नैवेद्य दाखवेपर्यंत तो भुईला टेकवायचा नाही. पूर्वी बाया डोक्यावर न्यायच्या. आता आमच्याकडं जीप होती.

नवसाच्या दिवशी मी सकाळपासून फेऱ्या मारत होतो. गावापासून कोसभर डांबरी, मग बरडाची चढण. गोवऱ्या नेल्या, पाण्याचे ड्रम नेले, म्हाताऱ्या बायका नेल्या. पायथ्याशी थांबायचं, गाडीखाली शिरायचं, पिना ओढायच्या; खाली आलो की परत शिरायचं, लावायच्या. पोरं गोळा होऊन पाहायची; मोठ्यांना वाटायचं, मी चाकं तपासतोय, आणि आबा तर सकाळपासून वरच होते. एक म्हातारी म्हणाली, "बाई, मच्छर चावल्याएवढा पन हिसका बसत नाही या गाडीत." मला वाटलं, देशात कुणी असा नाही. एकही फेरी पिना लावल्याशिवाय मी डांबरीला लागलो नाही. शेवटची सोडून.

वर गोवऱ्यांचा धूर झाला, रोडगे निखाऱ्यात गेले, तेव्हा माय म्हणाली, "आता वरन आन. आन् देवाचं आनाचं आहे, अंग धू, तो नवा सदरा घाल." सदरा वहिनीनंच शिवला होता, पांढरा शुभ्र, त्याच मशीनवर, खास त्या दिवसासाठी. मी टाक्यावर अंग धुतलं, सदरा घातला, खाली आलो. पायथ्याशी थांबलो. गाडीखाली शिरायचं म्हणजे पाठीवर लोळायचं. मी सदऱ्याकडं पाहिलं. मग विचार केला, गाडी परत वरच यायची आहे, कोसभरासाठी कशाला? पिना पँटच्या खिशात टाकल्या आणि हळूहळू गावात आलो. काही झालं नाही. मूर्खाला एकदा काही झालं नाही की तो त्याचा नियम करतो.

वहिनी वाट पाहत होती. उपाशी, नवं लुगडं, तान्ह्या महादेवला सासूपाशी वर पाठवलेलं. आम्ही दोघांनी गंज उचलून मागं ठेवला, ती त्याच्यासमोर बसली, दोन्ही पायांच्या मधे तो घट्ट धरला आणि झाकणावर हात ठेवला. "भाऊजी, सावकाश जा. उकळतं आहे." मी हो म्हटलं. पण वर ऐंशी माणसं थांबली होती, रोडगे निघायला आले असणार, आणि तशीही हळू गाडी चालवणं माझ्या स्वभावात नव्हतं. ओढ्यावरच्या मोरीजवळच्या वळणावर समोरून कडब्यानं भरलेली बैलगाडी रस्त्याच्या मधोमध आली. मी स्टेअरिंग एका बाजूला ओढलं. गाडी जागच्या जागी अशी कलली की बाजूच्या दारातून मला रस्ता दिसला. मी घाबरून उलटं ओढलं, तर ती तितकीच दुसरीकडं लवंडली. उलटली नाही. चारही चाकांवर उभी राहिली. घुंगरं वाजत राहिली. मागं मात्र झाकण पडल्याचा आवाज झाला, आणि त्यानंतर वहिनीचा.

वरण तिच्या दोन्ही पायांवर, घोट्यापासून पोटऱ्यांपर्यंत. बैलगाडीवाला उडी मारून धावला, त्याच्या मडक्यातलं पाणी तिच्या पायांवर ओतू लागला. वहिनीचे ओठ पांढरे पडले होते. तिनं विचारलं, "गंज खाली टेकला का?"

आणि मी काय केलं? मी गाडीखाली शिरलो. नव्या सदऱ्यानिशी, पाठीवर, आणि खिशातल्या पिना काढून जागच्या जागी लावल्या. बाई बाहेर भाजलेली, परका माणूस तिच्या पायांवर पाणी ओततोय, आणि घरचा माणूस पुरावा बुजवतोय. कड्या बरोबर बसल्या. सराव होता ना.

"अबे, गाडीखाली काय करतं?" बैलगाडीवाला ओरडला. "बाईले धर आधी."

"काय तुटलं ते पाहून राह्यलो," मी म्हणालो.

हे पहिलं खोटं. बाकीची त्याच्या मागून मेंढरांसारखी आपोआप आली.

वहिनीला तसंच दवाखान्यात नेलं. पाय वाचले, कातडी नाही वाचली. वर लोकांनी कोरडे रोडगे भाजीशी खाल्ले आणि उठून गेले. देवाला नैवेद्य वरणाशिवाय दाखवला गेला. मायनं तो दाखवताना काय म्हटलं असेल याचा विचार मी अजूनही टाळतो. संध्याकाळी आबांनी विचारलं, "झालं काय नेमकं?"

"पुढून काहीतरी सुटलं आबा. गाडी एकदम झुकली."

आबांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, "आठ दिवस नाई झाले, सुखदेवनं पुढचंच काम केलं."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. नखानं चौकटीचा रंग खरवडत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी आबांनी गाडी अमडापूरला न नेता चिखलीच्या एका गॅरेजात नेली. मी सोबत. तिथल्या माणसानं गाडीखाली डोकं घातलं आणि दोन पिना ओढून बाहेर आला. "काका, कंपनीचे बोल्ट काढून ट्रॅक्टरच्या पिना कोन लावल्या? आन् हे घुंगरू काह्यले?" आबांनी पिना तळहातावर घेतल्या. वेल्डिंगचं कडं पाहिलं. तो टाका तालुक्यात एकाच माणसाचा होता.

बाजाराच्या दिवशी आबा सुखदेव मिस्तरीच्या दुकानासमोर उभे राहिले. मी त्यांच्या मागं, पिशवी धरून. दुकानात चार शेतकरी बसलेले, रस्त्यावरून बाजार वाहतोय. आबांनी पिना त्याच्या ऐरणीवर टाकल्या. "हे तुहं काम आहे का सुखदेव?"

मिस्तरीनं एक पीन उचलली, फिरवली. मग त्यानं मान वर करून पाहिलं, आबांकडं नाही, माझ्याकडं. किती वेळ पाहिलं, सांगता येत नाही. एखादा धड माणूस तेवढ्या वेळात पूर्ण वाक्य बोलला असता. मी पिशवीतली मेथी सरळ करत होतो.

"टाका माहा आहे आबा," मिस्तरी म्हणाला.

"माह्या सुनेचे पाय जाळले तुनं. सख्ख्या भावावानी भरवसा ठेवला होता."

मिस्तरीनं हातातली पीन दुसरीशेजारी ठेवली. आबा निघाले. बसलेल्या चौघांपैकी एकानं त्याच दिवशी आपलं औजार उचलून नेलं. आबांचा शब्द आमच्या भागात वजनदार होता. ते कुणाबद्दल वाईट बोलत नसत, म्हणून बोलले की लोक मानत. पुढच्या दोन बाजारांना मी मिस्तरीच्या दुकानावरून न जाता मागच्या गल्लीतून गेलो. तिथूनही ऐकू यायचं. म्हणजे, काहीच ऐकू यायचं नाही. एरवी त्याचा हातोडा बाजाराच्या गलबल्यातही वेगळा ओळखू यायचा.

घरात मी फार चांगला वागू लागलो होतो. वहिनीला पाणी आणून दे, महादेवला खेळव, मिरच्या निवड. दादा म्हणाला, "याले काय झालं, अचानक मानसात आला." वहिनी बाजेवर पाय लांब करून बसलेली असायची, पायांना पट्ट्या, त्यावर जाळीचं कापड. एका सकाळी मी तिला चहा दिला. समोर दोरीवर मायनं तो पांढरा सदरा वाळत घातला होता. तिसऱ्यांदा धुतला होता. पाठीवर वंगणाचा आणि डांबराचा हातभर काळा पट्टा, तो काही निघत नव्हता. वहिनी त्याच्याकडं पाहत होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "समोरून सदरा कसा पांढराशुभ्र आहे. वरन पन नाई उडालं. पाठच काऊन काळी झाली?"

मी म्हटलं, "गाडीखाली गेलतो ना. तुटलं काय ते पाहाले."

"पाहाले गेले ते मले दिसलं. मी तिथंच बसली होती. तुमी खाली गेले तेव्हा तुमच्या खिशात लोखंड वाजत होतं. वर आले तेव्हा नाई वाजलं." तिनं चहाचा घोट घेतला. "मी वाट पाहून राह्यली. तीन हप्ते झाले. मले वाटलं, तुमी सांगान."

तिनं आवाज चढवला असता तर मी काहीतरी रचलं असतं. रचण्यात मी पटाईत होतो. पण ती परत सदऱ्याकडं पाहू लागली, स्वतःच्या हातच्या शिवणीकडं. "त्या मिस्तरीले पन लेकरं आहेत," ती म्हणाली. एवढंच.

आबा अंगणात मिरच्या निवडत होते. लाल झालेल्या एका बाजूला, हिरव्या एका. मी समोर बसलो आणि सांगितलं. मासिकापासून सदऱ्यापर्यंत सगळं, आणि गाडीखाली शिरलो तेही. मला वाटलं मारतील. बरं झालं असतं. त्यांनी टोपली संपेपर्यंत निवडायचं थांबवलं नाही. शेवटची मिरची बाजूला टाकून म्हणाले, "बाजार कदी आहे?"

"परवा."

"चाल मंग. मानसं होती तवा बोललो, मानसं असतानाच सांगा लागीन."

मला वाटलं होतं मला तिथं उभं करतील आणि बोलायला लावतील. त्याची मी तयारीही केली होती, वाक्यं पाठ केली होती, एका ठिकाणी डोळ्यांत पाणी आणायचंही ठरवलं होतं. अमडापूरला पोचलो. मिस्तरी एकटाच दुकानात कुठल्याशा विळीला धार लावत होता. आबांनी रस्त्यावरच्या दोघातिघांना हाका मारून थांबवलं, त्यात तो औजार उचलून नेणाराही होता. मग त्यांनी टोपी काढली. माझ्या बापानं देवळाबाहेर कुणासमोर टोपी काढलेली मी पाहिली नव्हती.

"सुखदेव," ते म्हणाले, "चार मानसांसमोर तुले बोललो होतो. ते खोटं होतं. पिना माह्या पोरानं लावल्या आन् त्यानंच काढल्या. तुह्या कामात खोट नव्हती. माही चूक झाली."

मी तोंड उघडलं, पाठ केलेलं पहिलं वाक्य काढलं. आबांनी नुसता हात वर केला, आणि मी ते गिळलं. आज मी त्यांच्याहून म्हातारा झालो आहे तरी ते वाक्य माझ्या घशात तसंच आहे. बापाला माझ्यासाठी टोपी काढताना पाहिलं, त्यापुढं वहिनीचे पायही मला कधी कधी विसरायला होतात, आणि मग त्याचीही वेगळी लाज वाटते.

मिस्तरीनं विळी बाजूला ठेवली. "बसा आबा. चहा सांगतो."

"तुले त्याच दिवशी कळलं होतं ना? काऊन नाई बोलला?"

"पोरगं मागं उभं होतं. मले वाटलं, तेच बोलीन." त्यानं फळीवरून काहीतरी काढलं. त्या दोन पिना होत्या. आबांनी टाकल्या तेव्हापासून त्यानं ठेवल्या होत्या. त्यानं स्प्रिंगची कडी उघडली, मिटली, नळीचा घासलेला तुकडा बोटानं तपासला. "काम साफ केलं आहे," तो म्हणाला. "वर बुश चढवला तो बराबर आहे. खुळखुळत नाई." मला वाटलं, माफ केलं बहुतेक. मी जरासा ताठ झालो. इतकं होऊनही ताठ झालो, हे लिहिताना माझे मलाच कान गरम लागतात.

आबांनी टोपी परत डोक्यावर घातली आणि माझ्याकडं न पाहता म्हणाले, "याच्या हाती आता काय द्याव, तूच सांग."

मिस्तरीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पिना फळीवर परत ठेवून दिल्या आणि विळी उचलली.

"बैलगाडी द्या, म्हननार होतो," तो म्हणाला. "पन तिच्या चाकालेबी खीळ असते."